सर्व्हर कोंडाण्यात, तुम्ही ठाण्यात: प्रोसेस चालू आहे का, हे लांबून कसं बघायचं?



समजा, कोंडाण्यात तुमचा आठ खोल्यांचा होमस्टे आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लेणी बघायला आणि राजमाची चढायला माणसांची रीघ लागते. ऑफिसच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो. त्यावर बुकिंगचा डेटाबेस, बिलिंग आणि रोज रात्रीचा बॅकअप चालतो. तोच तुमचा सर्व्हर. तुम्ही मात्र आठवडाभर ठाण्यात.

शनिवारी सकाळी डेटाबेस बंद पडला आणि तुम्हाला दुपारी कळलं, तर एकच खोली दोन कुटुंबांना दिली जाऊ शकते. बॅकअपचं त्याहून वाईट. तो बंद पडला तर कुणी ओरडतच नाही. ज्या दिवशी डिस्क जाते, त्या दिवशी कळतं की तीन महिन्यांचा हिशोब गेला.

म्हणून आजचा विषय: लांब बसून प्रोसेसवर लक्ष कसं ठेवायचं. व्हिडिओत कमांड स्क्रीनवर टाइप करून दाखवल्यात, इथे त्यामागचा विचार समजून घेऊ.

आधी हे तीन प्रश्न वेगळे करा

१. मशीन चालू आहे का?
२. त्यावरची प्रोसेस चालू आहे का?
३. ती प्रोसेस खरंच काम करतेय का?

बरेच जण पिंग लागतंय बघून निश्चिंत होतात. पण पिंग फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. दुकानाचं शटर उघडं आहे, एवढंच कळलं. आत गल्ल्यावर माणूस आहे का, आणि असला तर तो जागा आहे की डुलक्या काढतोय, हे नाही कळलं. प्रोसेस यादीत दिसते पण अडकून बसलेली असते, असं अनेकदा होतं. त्यामुळे आपल्याला तिसऱ्या प्रश्नापर्यंत जायचंय.

पद्धत पहिली: एसएनएमपी

एसएनएमपी हा १९८८ पासूनचा प्रोटोकॉल आहे. राऊटर, स्विच, प्रिंटर, यूपीएस, सर्व्हर या सगळ्यांना एकाच भाषेत 'कसं काय चाललंय?' विचारता यावं, यासाठी तो बनला. सर्व्हरवर एक छोटा एजंट बसतो. तुमचं देखरेखीचं सॉफ्टवेअर त्याला यूडीपीच्या १६१ नंबर पोर्टवर विचारतं आणि तो उत्तर देतो. काही बिघडलं की एजंट स्वतःहून १६२ नंबर पोर्टवर निरोप पाठवू शकतो, त्याला ट्रॅप म्हणतात.

प्रोसेससाठी यात दोन सोयी आहेत. एक, 'होस्ट रिसोर्सेस' नावाचा ठरलेला तक्ता. त्यात चालू प्रोग्रॅमची नावं, स्थिती, मेमरी मिळते. दुसरी, लिनक्सवरच्या नेट-एसएनएमपी एजंटमध्ये तुम्ही आधीच लिहून ठेवता की अमुक नावाच्या प्रोसेस कमीत कमी इतक्या आणि जास्तीत जास्त तितक्या असाव्यात. संख्या त्याबाहेर गेली की चुकीचा झेंडा ० चा १ होतो. तुम्ही फक्त तो झेंडा वाचायचा.

इथे नवीन माणूस हमखास अडतो अशा चार जागा:

- उबुंटू किंवा डेबियनवर एजंट टाकला की तो सुरुवातीला फक्त त्याच मशीनचं ऐकतो आणि मोजकीच माहिती दाखवतो. प्रोसेसचा तक्ता दिसत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये तो मुद्दाम उघडावा लागतो.
- आवृत्ती १ आणि २सी मध्ये पासवर्डऐवजी 'कम्युनिटी' नावाचा शब्द असतो आणि तो नेटवर्कवरून उघडा जातो. 'पब्लिक' हा शब्द तर जगाला माहीत आहे. वापरायचीच असेल तर आवृत्ती ३ वापरा, त्यात ओळख तपासणी आणि एन्क्रिप्शन दोन्ही आहे.
- प्रोसेसच्या तक्त्यात ती सुरू करताना दिलेले पर्यायही दिसतात. कुणी कमांडमध्येच डेटाबेसचा पासवर्ड लिहिला असेल, तर तोही दिसतो!
- विंडोजवर एसएनएमपी सर्व्हिस आहे, पण मायक्रोसॉफ्टने सर्व्हर २०१२ पासूनच ती मोडीत काढायच्या यादीत टाकली आहे. नवीन धंद्याची उभारणी तिच्यावर करू नका.

आणि एक नियम पक्का: १६१ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडायचं नाही. असे उघडे एजंट वापरून दुसऱ्यांवर हल्ले केले जातात.

पद्धत दुसरी: एसएनएमपीशिवाय

यातही दोन वाटा आहेत.

*आपण जाऊन विचारायचं.* एसएसएचने सर्व्हरवर शिरून सर्व्हिस चालू आहे का विचारा. विंडोजवर हेच काम पॉवरशेलने होतं. किंवा बुकिंगचं पान बाहेरून उघडून बघा, योग्य उत्तर आलं तर तिसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. झॅबिक्स, नॅगिऑस, प्रोमिथियस यांचे स्वतःचे एजंटही असतात. ग्राहक वाढले की तिकडे वळा.

*सर्व्हरनेच हाक मारायची.* यात सर्व्हर दर ५ मिनिटांनी स्वतःची तपासणी करतो आणि बाहेरच्या एका वेबपत्त्यावर 'ठीक आहे' कळवतो. याला हार्टबीट म्हणतात. ठरलेल्या वेळेत हाक आली नाही, तर तुमच्या मोबाईलवर सूचना. यासाठी हेल्थचेक्स किंवा अपटाइम कुमा ही दोन्ही ओपन सोर्स साधनं चालतात.

दुसरी वाट छोट्या धंद्याला जास्त कामाची का? विचार करा: वीज गेली आणि यूपीएसही संपला, तर बंद मशीन ट्रॅप कसा पाठवणार? निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं तुम्ही धरून बसाल. हार्टबीटमध्ये हिशोब उलटा असतो. इथे शांतता हीच धोक्याची घंटा.

गावाकडच्या इंटरनेटची मुख्य अडचण

अशा ठिकाणी बऱ्याचदा इंटरनेट सिमकार्डच्या राऊटरवर असतं. तिथे तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, एकच पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे ठाण्याहून कोंडाण्याच्या सर्व्हरला हाक मारताच येत नाही. पण कोंडाण्याहून बाहेर हाक मारता येते!

तपासायला सोपं आहे. राऊटरच्या पानावरचा वॅन आयपी आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा आयपी जुळवा. वेगळे असतील, तर बाहेरून थेट आत जाता येणार नाही. मग वायरगार्डसारखा व्हीपीएन लावा, नाहीतर सरळ हार्टबीट वापरा.

मग काय वापरायचं?

- यूपीएस, स्विच, प्रिंटर: यांवर तुमची स्क्रिप्ट बसत नाही, इथे एसएनएमपीच. नेटवर्क कार्ड असलेला यूपीएस 'बॅटरीवर आलोय' हे सांगू शकतो. विचारणा मात्र आतल्या नेटवर्कमधूनच करा.
- डेटाबेस, बिलिंग: हार्टबीट. फक्त प्रोसेसचं नाव शोधू नका, डेटाबेसला एक छोटा प्रश्न विचारा आणि उत्तर आलं तरच 'ठीक' कळवा.
- रात्रीचा बॅकअप: हाही हार्टबीटवर. ही प्रोसेस थोडाच वेळ चालते, त्यामुळे दिवसा यादीत शोधून उपयोग नाही. बॅकअप यशस्वी झाला आणि फाइलचा आकार पटण्यासारखा असला, तरच शेवटच्या ओळीत हाक मारायची.

आज संध्याकाळी करायच्या ५ गोष्टी

१. बंद पडली तर पैसे बुडतील अशा प्रोसेस कागदावर लिहा. तीन-चारच निघतील.
२. त्या आपोआप पुन्हा सुरू होतील अशी सोय करा. लिनक्सवर सिस्टमडी आणि विंडोजवर सर्व्हिसचा रिकव्हरी टॅब हे काम करतो. पण किती वेळा सुरू झाली याची नोंद ठेवा, नाहीतर रोज दहा वेळा पडणारी प्रोसेसही तुम्हाला धडधाकट वाटेल.
३. दर ५ मिनिटांची तपासणी लावा. लिनक्सवर क्रॉन, विंडोजवर टास्क शेड्युलर.
४. दोन सूचना वेगळ्या ठेवा. प्रोसेस बंद पण नेट चालू असेल, तर स्क्रिप्टने लगेच 'बिघाड' कळवावं. काहीच न कळवता १५ मिनिटं गेली, तर वीज, नेट किंवा मशीन गेलं समजायचं. पहिल्यात तुम्ही घरून दुरुस्ती करता, दुसऱ्यात गावातल्या माणसाला फोन.
५. मुद्दाम प्रोसेस बंद करून बघा. सूचना मोबाईलवर आली, तरच काम झालं म्हणायचं.

एकच हाक चुकली म्हणून लगेच सूचना पाठवू नका. पावसात नेट येतं-जातं. रात्रीतून वीस खोट्या सूचना आल्या की माणूस आवाज बंद करून झोपतो आणि एकविसावी खरी असते.

यातच एक धंदा आहे

कर्जत-खालापुरात किती फार्महाउस, रिसॉर्ट, नर्सरी, दवाखाने आहेत बघा. यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, आयटीचा माणूस नाही. समजा, १० ग्राहक आणि प्रत्येकी महिना ५०० रुपये. म्हणजे महिन्याला ५,००० रुपये, तेही दुरुस्तीचे पैसे वेगळे. ग्राहकाला तुम्ही एसएनएमपी विकत नाही. 'तुमचं बिलिंग बंद पडलं तर तुमच्याआधी मला कळेल' हा शब्द विकता.

शब्द दिलात की तो पाळायची तयारीही हवी. मशीनवर काय बघणार आणि काय बघणार नाही, याची लेखी परवानगी घ्या. सूचना आल्यावर किती वेळात फोन करणार, रविवारी करणार का, हे करारात लिहा. आणि तुमची देखरेखीची यंत्रणा ग्राहकाच्याच मशीनवर ठेवू नका. मशीन बंद पडलं की राखणदारही त्याच्याबरोबर झोपेल.

तर आज पहिला हार्टबीट लावा, तोही बॅकअपला. बाकीचं उद्या केलं तरी चालेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!