सोनेरी कागदावरील फारसी पत्र : राणी लक्ष्मीबाई आणि जॉन लँग

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी १८५४ मध्ये जॉन लँग या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या वकिलाला पाठविलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासात बहुधा ओझरते उल्लेखिले जाते. तौलनिक साहित्याच्या दृष्टीने मात्र ते एक मूलभूत प्रश्न उभा करते : पत्रातील शब्द नेमके कोणाचे?

गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी दत्तक घेतलेल्या दामोदररावांचा वारसा डलहौसीने अमान्य केला आणि संस्थान खालसा केले. त्यानंतर सुमारे महिनाभराने आग्रा येथे लँगला राणीचे निमंत्रण मिळाले. ते फारसीत, सोनेरी कागदावर लिहिलेले होते, आणि संस्थानचा माजी अर्थमंत्री व राणीचा मुख्य वकील असे दोघे ते घेऊन आले होते. लँगची निवड सहेतुक होती. १८५१ मध्ये कंपनी सरकारविरुद्धच्या खटल्यात त्याने लाला जोतीप्रसाद यांची बाजू यशस्वीपणे लढविली होती. शिवाय 'मुफस्सिलाइट' या पत्राचा तो संस्थापक होता.

अशा पत्रास आजच्या अर्थाने 'हस्तलिखित खाजगी पत्र' म्हणता येत नाही. दरबारी पत्रव्यवहारात मजकूर मुनशीच्या हातचा असे. पत्राची अधिकृतता हस्ताक्षरावर नव्हे, तर मुद्रा, कागद, उपाधी आणि पत्र नेणाऱ्यांचा दर्जा यांवर ठरे. १८३७ नंतर कंपनीच्या न्यायालयांतून फारसी मागे पडली, तरी संस्थानांशी होणाऱ्या व्यवहारात तिचे स्थान टिकून होते. म्हणून ही भाषा निवडण्यातच एक विधान आहे. राज्य गेल्याचा हुकूम निघाल्यानंतरही राणी राज्यकर्त्याच्याच रीतीने लिहिते. मजकूर विनंतीचा, पण रूप सार्वभौमत्वाचे, असा हा ताण आहे.

हाच ताण भेटीच्या वर्णनातही दिसतो. दालनात जोडे काढावेत की नाही यावर भेटीपूर्वीच वाटाघाट झाली. जोडे काढीन, पण टोपी डोक्यावर राहील, या अटीवर लँग तयार झाला. संभाषण पडद्याआडून झाले; बाल दामोदररावाने पडदा सरकविला तेव्हा क्षणभर त्याला राणी दिसली. निवृत्तिवेतन निषेध नोंदवून घ्यावे आणि इंग्लंडकडे दाद मागावी, असा सल्ला त्याने दिला. निवृत्तिवेतन घेण्यास राणीने तेव्हा नकार दिला.

झाशी न देण्याविषयीचे राणीचे प्रसिद्ध उद्गार याच वर्णनात रोमन लिपीतील हिंदुस्थानीत येतात. तेथे झाशीसाठी योजिलेले सर्वनाम पुल्लिंगी असून क्रियापद बहुवचनी आहे. पुढे लोकस्मृतीत रूढ झालेले रूप स्त्रीलिंगी व एकवचनी आहे. दरबारी भाषेतील आदरार्थी 'आम्ही' मागे पडून एका स्त्रीचा 'मी' पुढे आला. हा बदल केवळ व्याकरणाचा नाही. राज्यकर्तीचे वीरनायिकेत झालेले रूपांतर त्यात नोंदलेले आहे.

लँगचे हे लेखन 'वॉन्डरिंग्ज इन इंडिया' या नावाने १८५९ मध्ये ग्रंथरूपात आले. त्यापूर्वी या लेखमालेला डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स'मध्ये स्थान मिळाले होते. म्हणजे भेट १८५४ ची असली, तरी वाचकांपुढे ती आली १८५७ च्या उठावाच्या छायेत. याच्या शेजारी विष्णुभट गोडसे यांचा, १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' ठेवला, तर फरक स्पष्ट होतो. गोडसे यांची राणी मराठी घरातली, आश्रितांच्या नजरेतून दिसणारी. लँगची राणी पडद्यामागची अशील. फारसी निमंत्रण, हिंदुस्थानी संवाद, इंग्रजी अर्ज आणि मराठी आठवण अशा चार भाषांत ही एकच व्यक्ती विखुरलेली आहे.

लँगने तयार केलेल्या अर्जाची प्रत नोव्हेंबर २०१४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना भेट दिली, तेव्हा या संबंधास मैत्रीचे प्रतीक मानले गेले. मुळात तो वकील आणि अशील यांचा संबंध होता, आणि दाद मिळालीच नाही. 'स्वतःच्या हातचे पत्र' शोधणारा वाचक येथे निराश होईल. परंतु कोणाला, कोणत्या भाषेत आणि कोणत्या रीतीने लिहावयाचे, या निर्णयांत राणीचा स्वर स्पष्ट ऐकू येतो.