दिव्यांशी बांधलेला डायनामो

व्हिंटेज गाड्यांच्या विशेषांकासाठी संपादकांना पितळी दिवे, चामडी सीटा आणि जुने फोटो हवे होते. पुण्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या बाकावर ऑस्टिन सेव्हनच्या पिढीतला एक लुकास स्विच उघडून ठेवलेला दिसला आणि मी तिथेच रमलो.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1912 साली कॅडिलॅकमध्ये केटरिंग या अभियंत्याचा विजेवरचा स्टार्टर आला, आणि बॅटरी, डायनामो, दिवे यांची एकत्र मांडणी रुळू लागली. फोर्डच्या मॉडेल टीला 1915 पासून विजेचे हेडलॅम्प मिळाले. पण ते फ्लायव्हीलवरच्या मॅग्नेटोवर चालायचे, त्यामुळे इंजिन मंदावलं की उजेडही मंदावायचा. बर्मिंगहॅमची लुकास कंपनी सायकलच्या दिव्यांवर मोठी झाली होती. मोटारीत तिला दिव्यासोबत बॅटरीचीही काळजी घ्यावी लागली.

डायनामो इंजिनाच्या वेगाने फिरतो, म्हणजे त्याचा वेग सतत बदलता. त्याला आवर घालायला तिसरा ब्रश बसवला. डायनामोचं चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या फील्ड कॉइलला वीज या ब्रशमधून मिळते. डायनामोतून करंट वाढला की फिरत्या आर्मेचरचं स्वतःचं चुंबकत्व मूळ क्षेत्राला एका बाजूला रेटतं, तिसऱ्या ब्रशच्या वाट्याचं व्होल्टेज उतरतं आणि फील्ड दुबळं होतं. म्हणून करंट मध्यम वेगाला सर्वाधिक असतो. गाडी आणखी पळवली की तो उलट कमी होतो. एकही कॉन्टॅक्ट हलत नाही. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

पण या ब्रशला बॅटरी भरलीय की रिकामी, हे कळत नाही. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज चढं असतं, त्यामुळे फील्ड आणखी जोरात येतं आणि जिला गरज नाही तिलाच जास्त करंट मिळतो. उन्हाळ्यात दिवसभर गाडी चालवली की बॅटरीतलं पाणी उडायचं. थंडीत रात्री मात्र 24 वॅटचे दोन हेडलॅम्प 6 व्होल्टवर 8 अँपिअर ओढायचे, आणि छोट्या डायनामोची तेवढ्यातच दमछाक व्हायची.

बाकावरच्या स्विचमध्ये याचं उत्तर होतं. दिवसा फील्डच्या वाटेत एक रेझिस्टन्स असतो, चार्जिंग निम्म्यावर येतं. खटका हेडलॅम्पकडे फिरवला की आतली पितळी पट्टी दिव्यांबरोबर आणखी एक जोड जुळवते. रेझिस्टन्स बाजूला पडतो आणि डायनामो पूर्ण जोर लावतो. अंधारात रस्त्यावर नजर ठेवून बसलेल्या माणसाने चार्जिंगचाही विचार करावा, अशी अपेक्षाच डिझायनरने ठेवली नाही. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

इलेक्ट्रिशियन मिस्त्रींनी पट्टीवरचा काळा थर दाखवला. "दिवे लावायचे आणि मीटर स्विचच्या दोन्ही टोकांना धरायचा. काटा हलला की समजायचं, स्विच व्होल्टेज खातोय." 6 व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट असा गेला, तर दिव्याचा उजेड जेमतेम पाऊण उरतो. बल्ब बदलून, रिफ्लेक्टर चमकवून काही होत नाही. त्यांनी कॉन्टॅक्ट हलक्या हाताने साफ केला. पॉलिश पेपर जोरात घासला की पट्टी झिजते, आणि तशी पट्टी बाजारात मिळत नाही.

पुढचं दुखणं कटआउटचं. इंजिन थांबल्यावर बॅटरीतला करंट डायनामोत उलटा शिरू नये म्हणून हा रिले सुटायला हवा. त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले तर उभ्या गाडीत बॅटरी उतरते, वायर तापतात. काही जण जुन्या डब्यातच डायोड लपवतात. त्याला मिस्त्रींची ना नाही, फक्त बॅटरीची कुठली बाजू बॉडीला अर्थ आहे ते आधी पाहून घ्यायचं.

डायोडने तिसऱ्या ब्रशचा धोका मात्र टळत नाही. या डायनामोला बॅटरीचा आधार लागतो. चालत्या गाडीत बॅटरीची वायर सुटली की व्होल्टेज बेफाम चढतं, दिवे उडतात. त्यासाठी फील्डच्या वाटेत फ्यूज दिलेला असतो. आधी तो जातो आणि कॉइल वाचते. ज्या गाडीचा हा स्विच, तिच्या फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार भरून ठेवली होती. बॅटरीचं टर्मिनल सैल होतं. फील्ड कॉइल जळाली. स्विच आज तयार झाला, पण कॉइल भरायला गेलीय, आणि तोवर मिस्त्री गाडी सोडायला तयार नाहीत.