काचेच्या समुद्राला चिमूटभर खत

‘शुद्ध’ हा शब्द आपण मराठी माणसे फार सैल हाताने वापरतो. शुद्ध तूप, शुद्ध सोने, शुद्ध हेतू, शुद्ध पक्ष आणि शुद्ध मूर्खपणासुद्धा! विशेषण एकच, पण दर ठिकाणी कसोटी निराळी. मग एखाद्या क्षाराच्या पिशवीवर ‘शुद्ध’ असे छापलेले असले, तर तो कोणाच्या कसोटीवर शुद्ध? पिकाच्या, औषधाच्या, की प्रवाळाच्या?

प्रवाळाचे नाव काढताच आमच्या धाराशिवचे वाचक हसतील. कोकणचा किनारा येथून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या या जिल्ह्यात समुद्राच्या गप्पा कशाला? पण मौज अशी की, आता समुद्र पिशवीतून येतो. एक लिटर आर.ओ.च्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम तयार समुद्री क्षार विरघळवले की समुद्राच्या तोडीचे खारे पाणी होते. १९५१ साली मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा सागरी मासे काचेआड पाहण्यासाठी माणसे मुंबईस जात. आज तोच देखावा एखादे हौशी कुटुंब दिवाणखान्यात मांडू शकते. मग ते मुंबईचे असो, पुण्याचे असो वा तुळजापूरचे.

मात्र आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली कठीण सांगाड्याचे, खडक बांधणारे सारे प्रवाळ आले. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखेही आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. सगळेच मऊ प्रवाळ त्या यादीत नसले, तरी जीव घेण्याआधी त्याची जात आणि कागदपत्रे पाहावीत. हौस कायद्याच्या अलीकडेच थांबली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रवाळाला खत कशाला हवे? प्रवाळ हा प्राणी आहे. परंतु त्याच्या अंगात सूक्ष्म एकपेशीय शैवाले बिऱ्हाड करून असतात. दिव्याच्या उजेडात ती अन्न तयार करतात आणि भाड्यापोटी त्यातला मोठा हिस्सा घरमालकाला देतात. या भाडेकरूंना नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. समुद्रातल्या प्रवाळबेटांभोवतीचे पाणी अगदी नितळ, म्हणजे या द्रव्यांच्या बाबतीत गरीबच असते. पण तेथे लाटांबरोबर थोडेथोडे अन्न अखंड येत राहते. काचेच्या पेटीत तसे होत नाही. पाणी स्वच्छ ठेवण्याची यंत्रे फार चांगली चालली, मासे थोडे असले, की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर येतात. पाणी आरशासारखे दिसते आणि प्रवाळ मात्र फिका पडत जातो. घरातला अतिरेकी टापटिपीचा गृहस्थ जसा मुलांना वाळवून टाकतो, तसाच हा प्रकार!

साधारणपणे लिटरमागे नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असले की अशा पेटीचे बरे चालते. ही मात्रा किती कमी, हे एका तुलनेने कळेल. माणसाच्या पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाने नायट्रेटची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. प्रवाळाला तिचा नववा हिस्साही पुरतो.

आकडा शून्यावर आला, तर पहिला उपाय रसायनाचा नव्हे. माशांना थोडे अधिक खाऊ घालावे, गाळण थोडी सैल करावी, आणि पंधरा दिवस वाट पाहावी. तेवढ्याने भागले नाही, तरच क्षाराची पिशवी घरात आणावी.

आणि येथेच आमच्या जिल्ह्याची गंमत सुरू होते. समुद्र नसला, तरी या क्षारांची नावे येथे शेतकऱ्याच्या पोराला पाठ असतात. द्राक्षबागांना ठिबकमधून खते देण्याची रीत आता मुरली आहे. ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ज्याला आपले आजे सोरा म्हणत. आणि ‘शून्य-बावन्न-चौतीस’ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर दोन्ही हारीने मांडलेली असतात. नाव तेच, भाव स्वस्त. मग हेच का नको?

नको ते अशासाठी की, ही पिशवी वेलीच्या कसोटीवर शुद्ध असते. फॉस्फेटाची खते खनिज दगडापासून बनतात आणि त्यात आर्सेनिक, कॅडमियम यांसारख्या धातूंचा अंश राहू शकतो. मातीत तो पसरून जातो; शंभर लिटरच्या बंद पेटीत साचत जातो. काही मिश्रखतांत सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणून तांबे आणि जस्त मुद्दाम घातलेले असते. द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणासाठी जे मोरचूद वापरतो, ते बुरशीला मारते. त्यातले तांबे प्रवाळाला, गोगलगायीला आणि कोळंबीलाही तसेच मारते. म्हणून ज्या मापाने मोरचूद मोजले त्याच मापाने दिलेला सुटा क्षार घेऊच नये.

दुसरा धोका अमोनियाचा. ‘बारा-एकसष्ट-शून्य’मध्ये सारा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो, ‘एकोणीस-एकोणीस-एकोणीस’मध्ये त्याचा काही भाग अमोनिया नि युरिया असतो, कॅल्शियम नायट्रेटच्या खतातही थोडा अमोनिया असतो. खाऱ्या पाण्याचा पी.एच. ८.१ ते ८.३ असतो आणि अशा पाण्यात अमोनिया माशांना अधिक बाधतो. युरियाचे तर नाव नको. २०१५ पासून देशातल्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. शेतीला तो उपकारक. पेटीत मात्र निंबोळीचे तेल कोणाला हवे आहे?

तिसरी खोच आकड्यांची. पिशवीवरचा ५२ हा आकडा फॉस्फेटचा नव्हे. खतांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तो फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो. प्रत्यक्ष फॉस्फेट धरले तर ते सुमारे ७० टक्के भरते. लेबल खोटे बोलत नाही, पण आपली भाषा बोलते.

मग घ्यावे काय? नायट्रेटसाठी सोडियम नायट्रेट आणि फॉस्फेटसाठी डायसोडियम फॉस्फेट. प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून ए.आर. म्हणजे विश्लेषणाच्या दर्जाचे, सीलबंद बाटलीतले घ्यावे. बाटलीवर अशुद्धीच्या कमाल मर्यादा छापलेल्या असतात. खाद्य दर्जाचेही चालते, मात्र त्यात दुसरे काही मिसळलेले नसावे. ‘टेक्निकल’ असे लिहिलेले असेल तर परत ठेवावे. सोडियमच का? समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सोडियम १०,००० मिलिग्रॅमहून जास्त, तर पोटॅशियम सुमारे ४०० मिलिग्रॅमच असते. सोऱ्यातून दर १ मिलिग्रॅम नायट्रेटबरोबर ०.६३ मिलिग्रॅम पोटॅशियम येते आणि वर्षभरात ते चढत जाते. सोडियमची भर मात्र समुद्रात पडलेल्या थेंबासारखी जिरते.

सर्वांत मोठा धोका एका अक्षराचा आहे. नायट्रेट आणि नायट्राइट! सोडियम नायट्राइट हे माणसालाही विष आहे. मांस टिकवण्याच्या मिठात ही दोन्ही पुष्कळदा मिसळलेली असतात. शुद्धलेखनाच्या चुकीने विद्यार्थ्याचा अर्धा गुण जातो. येथे जीव जाईल. फोनवरून मागणी कधी करू नये. कागदावर लिहून द्यावे आणि बाटलीवरचे नाव स्वतः वाचावे.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. १३.७ ग्रॅम सोडियम नायट्रेट आर.ओ.च्या पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करावे. त्याचे १० मिलिलिटर १०० लिटरच्या पेटीत नायट्रेट १ मिलिग्रॅमने वाढवतात. फॉस्फेटसाठी निर्जल डायसोडियम फॉस्फेट १.५ ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण करावे. त्याचे २ मिलिलिटर तितक्याच पेटीत ०.०२ मिलिग्रॅमची भर घालतात. येथेही लेबल वाचावे: बारा रेणू पाणी धरून बसलेला त्याच नावाचा क्षार असेल, तर १.५ ऐवजी ३.८ ग्रॅम लागतो. दीड ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलू नये. त्याला सोनाराच्या जातीचा काटा हवा. दोन्ही द्रावणे वेगळ्या बाटल्यांत ठेवावीत. रोज थोडे द्यावे, दोन-तीन दिवसांआड पाणी तपासावे, आणि आकडा वर येताच हात आवरावा. घाईने दिलेले खत प्रवाळाच्या आधी हिरव्या शेवाळालाच पोसते.

घरात मुले असतात, हे विसरून चालणार नाही. सोडियम नायट्रेट दिसायला मिठासारखेच. ते स्वयंपाकघरात नको, सरबताच्या बाटलीत नको. मोठ्या अक्षरांत नाव लिहून कुलपात ठेवावे. शिवाय ते आगीला जोर देणारे आहे. फटाक्यांच्या दारूत जो सोरा असतो, त्याचेच हे भावंड. तेव्हा दिवाळीच्या दिवसांत तरी ते पणत्यांपासून आणि फटाक्यांच्या पिशवीपासून लांब असावे.

काचेआडचा जीव मुका असतो. त्याला पाण्यात काय मिसळले हे विचारता येत नाही, नको असल्यास दुसरीकडे जाता येत नाही. त्याच्या वतीने प्रश्न आपणच विचारायचा असतो: ही वस्तू शुद्ध आहे खरी, पण कोणासाठी? उत्तर बाटलीवर छापलेले नसेल, तर ती बाटली घरी आणू नये.