अभिनयाआधी खेळ : शिकागोच्या हल हाऊसमधील मुलांचे नाट्यशिक्षण

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांच्या सभागृहांत ख्रिस्तजन्माच्या नाटिकेच्या तालमी सुरू होतात. ज्या मुलाचा आवाज खणखणीत आणि पाठांतर चोख, त्याच्याकडे योसेफाची भूमिका जाते. धीट मुलगी मरिया होते. उरलेली मुले मेंढपाळ होतात आणि जी अगदीच बुजरी, ती पडद्यामागे राहतात. यात कुणाचा दोष नाही. दिवस थोडे असतात आणि कार्यक्रम उत्तम व्हावा असे सर्वांनाच वाटते. तरीही एक प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. ज्या मुलाला रंगमंचाची सर्वांत अधिक गरज आहे, तेच मूल दरवर्षी रंगमंचापासून दूर तर राहत नाही ना?

या प्रश्नाचा विचार अमेरिकेतील शिकागो शहरातल्या एका समाजकेंद्रात फार पूर्वी झाला. मुलांबरोबर व युवकांबरोबर काम करणाऱ्या आमच्या वाचकांना त्याची ओळख उपयोगी पडेल, असे वाटते.

स्थलांतरितांच्या वस्तीतील रंगमंच

इ. स. १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन मैत्रिणींनी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर ‘हल हाऊस’ हे केंद्र सुरू केले. भोवतालच्या वस्तीत इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन आणि रशियातून आलेली ज्यू कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. या केंद्रात बालवाडी, इंग्रजीचे वर्ग, चित्रकला, संगीत असे अनेक उपक्रम चालत. १८९९ साली तेथे नाट्यगृहही उभे राहिले. त्याच वर्षी वस्तीतील ग्रीक स्थलांतरितांनी ओडिसियस घरी परतल्याची प्राचीन कथा आपल्या भाषेत रंगमंचावर आणली. शहर ज्यांच्याकडे एरवी केवळ मजूर व फेरीवाले म्हणून पाहत असे, त्यांच्याकडे केवढा वारसा आहे हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

जेन ॲडम्स यांना पुढे १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९०९ मधील आपल्या एका पुस्तकात त्यांनी स्वस्त खेळगृहांकडे धावणाऱ्या तरुणांविषयी लिहिले आहे. तरुण मनाला कथेची आणि स्वप्नाची भूक असते. तिला नावे ठेवण्यापेक्षा ती भागवण्याची चांगली सोय समाजाने करावी, अशी त्यांची भूमिका होती.

खेळातून नाट्यशिक्षण

१९२० च्या दशकात नेव्हा बॉइड या हल हाऊसमध्ये कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण शाळा चालवीत. खेळ, लोकनृत्य, गोष्टी आणि नाट्य यांच्या साहाय्याने मुलांच्या गटाबरोबर कसे काम करावे, हे तेथे शिकवले जाई. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातील व्हायोला स्पोलिन ही तरुणी १९२४ पासून त्यांच्याकडे शिकली. १९३९ साली, महामंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेत, तिच्याकडे शिकागोतील नाट्य उपक्रमाची जबाबदारी आली. समोर होती ती भिन्न देशांतून आलेल्या कुटुंबांतील मुले व प्रौढ. त्यांची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. व्याख्यान देऊन अभिनय शिकवणे येथे शक्यच नव्हते. म्हणून बॉइड यांच्या शिकवणीच्या आधारे तिने एकेका अडचणीसाठी एकेक खेळ रचला. १९६३ मध्ये हे दोनशेहून अधिक खेळ पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या नाट्यशाळांत पोहोचले.

यातील पहिलाच पाठ पाहू. निम्मी मुले रंगमंचावर नुसती उभी राहतात आणि उरलेली त्यांच्याकडे पाहतात. थोड्याच वेळात उभी असलेली मुले अवघडतात. कुणी हसते, कुणी हात खिशात घालते, कुणी खाली पाहते. मग शिक्षक सांगतात, “समोरच्या खुर्च्या मोजा.” मोजणी सुरू होताच चेहरे निवळतात, खांदे सैल होतात. धीट हो, असे कुणी सांगितले नाही. मनाला काम मिळाले एवढेच, आणि भीतीला जागा उरली नाही.

आरशाच्या खेळात दोन मुले समोरासमोर उभी राहतात. एक हालचाल करते, दुसरे तिचे प्रतिबिंब होते. मग भूमिकांची अदलाबदल होते. येथे दुसऱ्याकडे बारकाईने पाहिल्यावाचून गत्यंतरच नसते. रस्सीखेचीच्या खेळात हाती दोर नसतो, पण दोन्ही बाजूंना तो ‘दिसावा’ लागतो. निरर्थक बोलीच्या खेळात मुले अर्थहीन ध्वनींतच वस्तू विकतात, भांडतात, समजूत घालतात. त्यात कुणाचाही उच्चार चुकीचा ठरत नाही.

खेळ संपल्यावर “छान केलेस” किंवा “चुकलास” असा शेरा दिला जात नाही. ‘दोर दिसला का?’ एवढेच पाहणाऱ्यांना विचारले जाते. शाबासकीच्या ओढीने आणि नापसंतीच्या धाकाने वावरणारे मूल मोकळे होऊच शकत नाही, हे स्पोलिन यांच्या पद्धतीचे मूळ सूत्र आहे.

आपल्या सभागृहांसाठी

मराठीत मुलांच्या रंगभूमीची परंपरा समृद्ध आहे. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि बालनाट्याला स्वतःचे घर मिळाले. आज उन्हाळी सुट्टीतील नाट्यशिबिरांत आरशाचा खेळ हमखास खेळला जातो. तो कोणत्या वस्तीतून आणि कशासाठी आला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

आपल्याकडे त्याची गरज वेगळी नाही. वसईच्या धर्मग्रामांत कुणाच्या घरी सामवेदी बोलतात, कुणाच्या घरी वाडवळी. गोवा, मंगळूर, केरळ व तामिळनाडूतून आलेली कुटुंबेही आता आपली आहेत. प्रमाण मराठीतील संवाद म्हणताना अडखळणाऱ्या मुलाला हसू ऐकू आले, तर ते मूल पुन्हा पुढे येईलच असे नाही. त्याच्या बोलीत काही उणे नसते. आपण त्याला बोलायला लावण्याआधी खेळायला दिलेले नसते, इतकेच.

यासाठी मोठा खर्च नको. रिकामे सभागृह, पंधरा-वीस मुले आणि आठवड्यातून एक तास पुरेसा आहे. भूमिकावाटप करण्यापूर्वी काही आठवडे सर्व मुलांना एकत्र खेळू द्यावे. भूमिका आळीपाळीने द्याव्यात. पाहणाऱ्या मुलांनाही काम द्यावे. खेळवणाऱ्या ताई-दादांनी शेरे आवरावेत आणि प्रश्न विचारावेत. असे केल्यास नाटिका कदाचित थोडी कमी घोटीव होईल, पण रंगमंचावरील मुले एकमेकांचे ऐकताना दिसतील.

१९६३ मध्ये, ते पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, विद्यापीठाच्या संकुलासाठी हल हाऊसच्या बहुतेक इमारती पाडण्यात आल्या. आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे. केंद्राचे काम पुढे चालवणारी संस्थाही २०१२ साली बंद झाली. तेथील खेळ मात्र टिकून राहिले, कारण त्यांना इमारत लागत नाही. यंदा तालमीला सुरुवात होईल तेव्हा पडद्यामागे उभ्या असलेल्या मुलाला आपण पुढे बोलवू या आणि म्हणू या, “ये, आधी खुर्च्या मोजू.”