'सत्य' नावाच्या पेशी

साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘हायड्रॉक्सीक्लोरोक्वीननं प्रयोगशाळेत करोनाचा विषाणू रोखला जात होता, मग माणसांत का नाही? खोटं कोण बोललं?’

खोटं कुणीच बोललं नाही. साक्ष द्यायला भलताच साक्षीदार उभा केला होता, एवढंच.

विषाणू म्हणजे आचाऱ्याशिवाय आलेली पाककृतीची चिठ्ठी. करोनाच्या चिठ्ठीत सुमारे तीस हजार अक्षरं आणि तिसेक प्रथिनांची कृती असते. चूल, भांडी, सरपण आणि आचारी सगळं आपल्या पेशीचं. प्रथिनं बनवणारा एकही रायबोझोम विषाणूजवळ नसतो. तरी पाहुण्याचा उद्धटपणा बघा : त्याचं एक प्रथिन आपल्याच रायबोझोममध्ये बूच मारून बसतं, म्हणजे घरच्यांचा स्वयंपाक थांबतो आणि पाहुण्याचाच शिजतो.

पण त्याआधी घरात शिरायला हवं. जुन्या वाड्यासारखी दोन दारं धरा. एसीई-२ हे प्रथिन म्हणजे दाराची कडी. विषाणूचा काटा ती धरतो. नुसती कडी धरून भागत नाही. तो काटा ठरावीक जागी कापला गेला तरच विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं, आणि कापायची कात्रीही आपलीच. पुढच्या दाराशी टीएमपीआरएसएस-२ नावाची कात्री असते, ती पेशीच्या पृष्ठभागावरच काम उरकते. ती नसेल तर विषाणू मागच्या दारानं जातो : पेशी त्याला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते, पिशवीत आम्लता वाढते आणि कॅथेप्सिन नावाची दुसरी कात्री चालू लागते.

(पुढच्या दारावरचा हा घरभेदी मोठा गमतीचा आहे. त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर ठणठणीत जगतात. उलट फ्लूच्या काही विषाणूंना त्यांच्यात हातपाय पसरता येत नाहीत. फ्लूलाही हीच कात्री लागते!)

क्लोरोक्वीन आणि त्याचा भाऊ हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन त्या पिशवीतली आम्लता कमी करतात. म्हणजे कुलूप लागतं ते मागच्या दाराला.

आता साक्षीदाराकडे येऊ. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधल्या संशोधकांनी क्लोरोक्वीन विषाणूला अडवतं असं दाखवलं, ते व्हेरो पेशींच्या एका वाणात. या पेशींचा मूळ पुरुष म्हणजे एका आफ्रिकन हिरव्या माकडाचं मूत्रपिंड. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात यासुमुरा यांनी ते वाढवायला घेतलं. ‘हिरवं मूत्रपिंड’ याला एस्पेरांतो भाषेत ‘वेर्दा रेनो’ म्हणतात. त्याचं संक्षिप्त रूप ‘व्हेरो’. आणि त्याच भाषेत ‘वेरो’चा अर्थ ‘सत्य’! विषाणूशास्त्रात याहून सुंदर बारसं माझ्या पाहण्यात नाही.

व्हेरो पेशींना इंटरफेरॉन हे धोक्याची सूचना देणारं प्रथिन बनवून आरडाओरडा करता येत नाही, म्हणून त्यांच्यात विषाणू माजतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं वेगळा केलेला विषाणू याच पेशींत वाढवून, निष्क्रिय करून कोव्हॅक्सिन बनली. तेव्हा या पेशींना नावं ठेवणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण मूत्रपिंडाच्या या पेशींत पुढच्या दाराची कात्री जवळजवळ नसतेच. वाट एकच, मागची. तिला कुलूप लागलं की विषाणू बाहेर.

जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या स्टेफान प्योलमान यांच्या गटानं हाच प्रयोग माणसाच्या फुप्फुसातल्या काल्यू-३ पेशींत केला. तिथे कात्री होती. क्लोरोक्वीनचा उपयोग शून्य. हा शोधनिबंध जुलै २०२० मध्ये आला. तोवर मार्चमध्येच आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गोळी प्रतिबंधक म्हणून सुचवली गेली होती आणि अमेरिकेनं आपत्कालीन परवानगी देऊन जूनमध्ये ती मागेही घेतली होती. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत गोळी घेणाऱ्या रुग्णांपैकी २७ टक्के २८ दिवसांत दगावले. न घेणाऱ्यांपैकी २५ टक्के. गोळीचं माहात्म्य पहिल्या पानावर गाजलं. पेशीतल्या कात्रीचा खुलासा मात्र कोपऱ्यातच राहिला.

मग पुढच्याच दाराला कुलूप लावलं तर? तेही करून झालं. स्वादुपिंडाच्या दुखण्यावरचं कॅमोस्टॅट हे जपानी औषध ती कात्री बोथट करतं आणि फुप्फुसाच्या पेशींत विषाणू अडवतं. रुग्णालयातल्या रुग्णांवर डेन्मार्कमध्ये चाचणी झाली. फायदा दिसला नाही. योग्य पेशी निवडली तरी ती ताटलीतलीच. तिच्यात रक्त नाही, यकृत नाही, आणि दवाखान्यात पोहोचायला झालेला आठवडाभराचा उशीरही नाही.

तेव्हा ‘अमुक औषधानं प्रयोगशाळेत विषाणू नष्ट’ अशी बातमी पुन्हा व्हॉट्सॲपवर आली, की पुढे ढकलण्याआधी एकच प्रश्न विचारा : कोणत्या पेशींत?