गुण शंभर, अर्ज मात्र अपुरा

कामणच्या माणसाला पालघरच्या जिल्हा कार्यालयात जायचे तर प्रथम कामण रोड स्थानकावर वसई-दिवा मार्गावरील मोजक्या गाड्यांपैकी एखादी गाठावी लागते, वसई रोडला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी धरावी लागते आणि एखादा कागद कमी पडला तर हीच यातायात पुन्हा करावी लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. मुख्यालय जनतेच्या जवळ यावे हा त्यामागील हेतू. डहाणू-तलासरीपुरता तो बऱ्याच अंशी सफल झाला. कामणकरांच्या बाबतीत मात्र जवळचे ठाणे सुटले आणि दूरचे पालघर पदरी पडले. अशा गावाला शासनाच्या संकेतस्थळाचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. सातबारा, दाखले, योजनांचे अर्ज हे सारे मोबाइलवर होऊ लागले म्हणजे एका दिवसाची मजुरी वाचते.

परंतु संकेतस्थळ उघडते एवढ्यावरून ते वापरता येते असे सिद्ध होत नाही. कार्यालयाच्या खिडकीला कुलूप असले तर ते निदान दिसते, तक्रार तरी करता येते. पडद्यावरची खिडकी उघडीच असते. आत शिरलेला माणूस तिसऱ्या रकान्यापाशी अडतो आणि दोष आपल्याच अडाणीपणाचा समजून परत फिरतो. हे अडणे मोजायचे कोणी व कसे, हा प्रश्न आता केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने आपल्या कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम आखला, त्यात संकेतस्थळांची सुधारणा हा एक ठळक विषय होता व मूल्यमापनाचे काम भारतीय गुणवत्ता परिषदेकडे सोपविण्यात आले होते. कार्यालये असंख्य, त्यांची पाने त्याहून असंख्य. हे सारे माणसांनी तपासायचे तर आयुष्य पुरणार नाही. तेव्हा हे काम यंत्राकडे द्यावे असा विचार प्रबळ होणे स्वाभाविक आहे.

हा विचार नवाही नाही. याकोब नीलसन व रोल्फ मोलिख यांनी १९९० मध्ये अनुभवसिद्ध निकषांच्या आधारे काही जाणकारांकडून पडदा तपासून घेण्याची पद्धत मांडली. दुसरी पद्धत त्याहून साधी: प्रत्यक्ष वापरणाऱ्याला समोर बसवायचे, एखादे काम सांगायचे आणि मध्ये न बोलता पाहत राहायचे. दोन्हींना वेळ व पैसा लागतो. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मेलडी आयव्हरी व मार्टी हर्स्ट यांनी २००१ मध्ये, तोवर झालेल्या यांत्रिक मूल्यमापनाच्या प्रयत्नांचा विस्तृत आढावा घेतला. आयव्हरीबाईंनी तर आपल्या प्रबंधात पानावरील शब्द, दुवे, रंग, चित्रे अशा गोष्टींची १५७ मापे निश्चित केली आणि तज्ज्ञांनी वाखाणलेली संकेतस्थळे इतरांहून कोठे वेगळी पडतात याचा गणिती शोध घेतला. तथापि या दोघींनी यंत्राला माणसाच्या चाचणीचे पूरक म्हटले होते, पर्याय नव्हे. पुढे आलेल्या अनेकांना या भेदाचा सोयीस्कर विसर पडला.

यंत्राला कमी लेखण्याचे कारण नाही. चित्राला पर्यायी मजकूर जोडला आहे काय, रकान्याला नाव आहे काय, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे साडेचारास एक इतके भरते काय, पान किती सेकंदांत उघडते, हे सारे ते क्षणार्धात सांगते आणि हजाराव्या पानावरही कंटाळत नाही. वेबएम या अमेरिकी संस्थेने २०१९ मध्ये जगातील दहा लाख मुखपृष्ठे अशा रीतीने तपासली तेव्हा ९७.८ टक्के पृष्ठांवर अपंगांना अडविणारे दोष सापडले. २०२५ मध्ये हे प्रमाण ९४.८ टक्के होते. एवढे ढोबळ दोष सहा वर्षांत एवढेच हटावेत, ही यंत्राची चूक खचित नव्हे.

पण यंत्राने निर्दोष ठरविलेल्या पानाचे काय? मान्युएल माटुझोविच या ऑस्ट्रियन तंत्रज्ञाने २०१९ मध्ये मुद्दाम असे एक पान रचले की जे अंधाला, केवळ कळफलक वापरणाऱ्याला, किंबहुना डोळसालाही वापरता येऊ नये; आणि गूगलच्या ‘लाइटहाउस’ या तपासणी-साधनाने त्याला सुलभतेचे शंभरपैकी शंभर गुण बहाल केले. ब्रिटिश सरकारच्या संगणकसेवा विभागानेही २०१७ मध्ये सुमारे १४० अडथळे हेतुपुरस्सर पेरलेले पान बाजारातील साधनांपुढे ठेवले होते. सर्वांत चांगल्या साधनालाही त्यांतले निम्मेसुद्धा सापडले नाहीत. पर्यायी मजकूर आहे की नाही हे यंत्र पाहते; त्या मजकुरातून काही बोध होतो की नाही, हे ठरविणे त्याच्या आवाक्यात फारसे नसते.

याचा अर्थ महाराष्ट्रात काय होतो, हे समजून घेण्यास ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे उदाहरण पुरेसे आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दरमहा दीड हजार रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थी स्त्रियांना संकेतस्थळावर ई-केवायसी करणे बंधनकारक झाले. स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मग पतीचा अथवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी. ज्या स्त्रीचा पती वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने काय करावे याचे उत्तर त्या पानावर नव्हते. ज्या विधवेला या रकमेची सर्वाधिक गरज, तिच्यापुढेच भिंत उभी राहिली. पुढे मुदत वाढवावी लागली, मृत्यूचा वा घटस्फोटाचा पुरावा अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय करावी लागली. याच अर्जात कुटुंबातील कोणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचे नकारार्थी विधान होते व त्यापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन पर्याय होते. घरात सरकारी नोकर नाही, म्हणून ‘नाही’ म्हणावे, ही सामान्य मराठी माणसाची सरळ बुद्धी. अर्जाच्या तर्काप्रमाणे मात्र त्याचा अर्थ नेमका उलटा. अखेर झालेली चूक एकदा दुरुस्त करण्याची संधी सरकारला जाहीर करावी लागली. आता या पानावर कोणतेही तपासणी-साधन चालवावे. रकान्याला नाव आहे, बटणे पुरेशी मोठी आहेत, रंग निकषांत बसतात, भाषा मराठी आहे. गुण उत्तम पडतील. कारण दोष पानात नाही, ते वाचणाऱ्या बाईच्या परिस्थितीत आणि तिच्या भाषेच्या सवयीत शिरल्याखेरीज तो दिसतच नाही. चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरच्या एखाद्या गाळ्यात काम करणाऱ्या पाचसहा स्त्रियांपुढे हा अर्ज प्रसिद्धीपूर्वी ठेवला असता, तर दोन्ही खोडी दुपारच्या सुट्टीत उघड झाल्या असत्या.

यांत्रिक मूल्यमापनाचा दुसरा प्रकार वापराच्या नोंदी चाळण्याचा. कोण किती वेळ कोणत्या पानावर थांबला, कोठून परतला, कितीजणांनी अर्ज पुरा केला, याची गणती संगणक आपोआप ठेवतो. ही पद्धत अधिक विश्वसनीय वाटते, कारण तिच्यात खरी माणसे असतात. पण कोणती माणसे? खेड्यापाड्यांत अर्ज बहुधा सेवा केंद्राचा चालक भरतो. तो दिवसाकाठी तेच पान पुनःपुन्हा भरत असल्याने त्यातील प्रत्येक खड्डा त्याला पाठ झालेला असतो. कोणती तारीख कोणत्या क्रमाने टाकली म्हणजे पान रुसत नाही, छायाचित्र किती लहान केले म्हणजे स्वीकारले जाते, हे ज्ञान म्हणजेच त्याच्या धंद्याचे भांडवल. नोंदीत दिसते की अर्ज चार मिनिटांत पुरा झाला. ज्याचा तो अर्ज आहे तो माणूस शुल्काचे पैसे मुठीत धरून पाठीमागे उभा असतो. त्याची नोंद कोठेच होत नाही. म्हणजे संकेतस्थळ जितके अवघड, तितका मध्यस्थ आवश्यक. मध्यस्थ जितका तरबेज, तितके आकडे चांगले. आकडे चांगले म्हणून संकेतस्थळ सुधारायचे कारण उरत नाही. तलाठ्याच्या दारातला दलाल हटविण्यासाठी जी व्यवस्था उभारली, तिच्यातच नव्या मध्यस्थाची सोय व्हावी, यातील विनोद शासनाच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

त्यातून मराठीचा प्रश्न निराळाच. वाचनसुलभतेचे रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८चे सूत्र वाक्याची लांबी आणि शब्दातील उच्चारावयव यांवर बेतलेले आहे आणि ते इंग्रजीसाठी केलेले आहे. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटवून लिहिणाऱ्या मराठीस ते लावले तर ‘शेजाऱ्यांकडूनसुद्धा’ हा शब्द कठीण ठरेल आणि ‘निरंक’ सोपा. अनेक वर्षे शासकीय कागदपत्रे ‘डीव्ही-टीटी सुरेख’सारख्या जुन्या टंकांत तयार झाली. तो टंक नसेल तेथे संगणकाला त्यात अर्थहीन रोमन अक्षरांचा पुंजका दिसतो. सही-शिक्क्याच्या कागदाचे नुसते छायाचित्र चढविले असेल तर अंधासाठी वाचून दाखविणारी प्रणाली मुकीच राहते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेलाच ‘वापरकर्ती’ बनवून, अमुक वयाची अमुक शिक्षणाची स्त्री असल्याचे भासवून चाचणी घेण्याचे प्रयोग होत आहेत. त्यांतून काही ढोबळ चुका निघतीलही. पण फुटक्या काचेचा मोबाइल, ओटीपी येईपर्यंत गेलेला सिग्नल आणि पतीच्या नावावरचे सिमकार्ड यांचे सोंग त्यांना अद्याप नीट आणता आलेले नाही.

केंद्र सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूत्रे केली. २०१८ व २०२३ मध्ये ती सुधारली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने याहून पुढचे पाऊल टाकले. ॲसिडहल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्यांना आणि अंधांना, कॅमेऱ्यासमोर पापणी मिचकावून ओळख पटविण्याची अट पाळता येत नव्हती. संगणकसेवेपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. प्रमाणित व्यावसायिकांकडून वेळोवेळी तपासणी करून घेण्याबरोबरच, चाचणीच्या टप्प्यावर अंध व्यक्तींना प्रत्यक्ष सहभागी करून घेण्याचाही निर्देश दिला.

हाच निर्देश राज्याने आपल्या प्रत्येक नव्या अर्जाला लावावयास हरकत नाही. यंत्राची तपासणी पहिल्या दिवशी व्हावी आणि तीत नापास झालेले पान पुढे जाऊच नये. त्यानंतर मात्र पान घेऊन कोणीतरी मंत्रालयातून उठून कामणसारख्या गावी यावे. पाच माणसांच्या चाचणीत बहुतेक मोठे दोष उघडे पडतात, असे नीलसन यांनी २००० मध्ये लिहिले होते. गावात पाच माणसे मिळणे कठीण नाही. सेवा केंद्राच्या चालकाला तेवढे बाजूला बसवावे, मोबाइल ज्याचा त्याच्याच हातात असावा आणि आलेल्या अधिकाऱ्याने तासभर काहीही समजावून सांगू नये. परतीच्या गाडीचे वेळापत्रक आधी पाहून ठेवलेले बरे. दिव्याकडून येणारी गाडी चुकली तर पुढचीला अवकाश असतो.