सरहद्दीवरचें मन

जळगांव-धुळ्याकडील नद्यांचा स्वभाव त्या भागांतील लोकांना सांगावा लागत नाहीं. उन्हाळ्यांत पांझरेचें पात्र कोरडें पडतें. पुढें एखाद्या दिवशीं धुळें शहरावर थेंबही पडला नसतांना साक्रीकडच्या डोंगरांत पाऊस कोसळतो आणि तीच नदी पाहतां पाहतां दोन्ही थड्या भरून वाहूं लागते. कांठावर उभ्या असलेल्या माणसाला पूर दिसतो. पाऊस दिसत नाहीं. कांहीं माणसांच्या मनाचेंही असेंच असतें. त्यांचा संताप, त्यांची आसवें, त्यांची आततायी कृति घरच्यांना दिसते. तिच्यामागची वेदना दिसत नाहीं.

समजा, जळगांवांतील एका सुशिक्षित कुटुंबांत एकवीस-बावीस वर्षांची मुलगी आहे. अभ्यासांत हुशार, बोलण्यांत लाघवी. जिवलग मैत्रिणीवर तिचा जीव इतका, कीं तिच्यासारखी जगांत दुसरी नाहीं असें ती सांगत असते. एके दिवशीं तिच्या निरोपाला मैत्रिणीकडून दोन तास उत्तर येत नाहीं. तेवढ्यानें "ती मला टाकणार" ही भीति तिच्या मनांत उसळते. सायंकाळीं तीच मैत्रीण जगांतील सर्वांत दुष्ट ठरते. जेवणाचें ताट फेकलें जातें. रात्रीं दार लावून घेऊन मुलगी स्वतःच्याच हाताला इजा करून घेते. सकाळीं ती शांत असते, आणि शरमेनें कोणाकडे पाहत नाहीं. वडील म्हणतात, "लाडावून ठेवली." गांवाकडची आत्या म्हणते, "पोर हट्टी शे." शेजारीण सुचविते, "लग्न करून द्या, ताळ्यावर येईल." तिघांचाही हेतु चांगला असतो, परंतु हें दुखणें असूं शकेल, हें तिघांपैकीं एकाच्याही मनांत येत नाहीं.

या दुखण्याला वैद्यकांत 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणतात. मराठींत सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार म्हणतां येईल. नांव थोडें फसवें आहे. १९३८ सालीं अडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकानें कांहीं रुग्णांचें वर्णन केलें. ते साध्या मनोविकृतींत बसत नव्हते आणि वास्तवाचें भान हरपलेल्या वेडांतही बसत नव्हते. जणूं दोहोंच्या सरहद्दीवर उभे होते. ती कल्पना पुढें मागें पडली, पण नांव राहिलें. १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघानें आपल्या निदानग्रंथांत या विकाराला स्वतंत्र स्थान दिलें.

त्या ग्रंथांत नऊ लक्षणें सांगितलीं आहेत. आपल्याला टाकून देतील ही जीवघेणी भीति, माणसाला आज देव मानणें आणि उद्यां दानव, आपण कोण आहों याविषयींचा अस्थिरपणा, खर्च, नशा, वाहन चालविणें अशा बाबतींत घातक उतावळेपणा, स्वतःस इजा करणें किंवा आत्महत्येची भाषा, घटकेंत पालटणारी मनःस्थिति, सदैव जाणवणारी पोकळी, अनावर राग, आणि ताणाच्या वेळीं क्षणिक संशय किंवा स्वतःपासूनच तुटल्यासारखें वाटणें. यांपैकीं निदान पांच लक्षणें तरुणपणापासून सातत्यानें आणि निरनिराळ्या प्रसंगीं दिसलीं पाहिजेत. एखाद्या महिन्यांतील रुसव्याफुगव्यांना हें नांव देणें हा अन्याय होईल. 'बायपोलर' विकारांत मनाची लाट बहुधा दिवस किंवा आठवडे टिकते. येथें ती कित्येकदां कांहीं तासांतच चढते आणि ओसरते. हा भेद तज्ज्ञांनींच पारखावयाचा असतो.

हा विकार होतो कशानें? कारण एक नाहीं. कांहीं मुलें जन्मतःच अधिक संवेदनशील असतात, आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून अनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचें दिसतें. अनेक रुग्णांच्या बालपणीं छळ, अत्याचार किंवा उपेक्षा आढळते. परंतु सर्वांच्या नव्हे. म्हणून रुग्ण दिसला कीं आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें बरोबर नाहीं. मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं मांडलेला विचार अधिक समंजस आहे. भाजलेल्या त्वचेसारखें हुळहुळें मन, आणि "एवढ्यासाठीं काय रडायचें?" असें वारंवार ऐकविणारा भोंवताल, या दोहोंच्या घर्षणांतून हा विकार वाढतो. मुलाला आपल्या भावनेचें नांवही कळेनासें होतें. आणि मोठ्यानें आकांत केल्याखेरीज कोणी ऐकत नाहीं, एवढेंच तें शिकतें.

स्वतःस इजा करून घेणें हें पुष्कळांना नाटक वाटतें. वस्तुतः असह्य झालेली वेदना क्षणभर थांबविण्याचा तो एक घातक उपाय असतो. या विकारांत आत्महत्येचा धोका खराखुरा आहे. म्हणून अशी प्रत्येक खूण गंभीरपणें घेतली पाहिजे. मृत्यूचा विचार मनांत येतो काय, असें शांतपणें विचारल्यानें तो विचार बळावत नाहीं. उलट बोलावयास वाट मिळते.

पुष्कळ वर्षें या रुग्णांना असाध्य समजत. लिनेहन स्वतः १९६१ सालीं, सतराव्या वर्षीं, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयांत दाखल झाल्या होत्या. त्यांनींच पुढें 'डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी' ही उपचारपद्धति घडविली. तिची पहिली शास्त्रीय चांचणी १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या आजाराची हकीकत मात्र त्यांनीं त्याच रुग्णालयांत २०११ सालीं जाहीरपणें सांगितली.

ही पद्धति खानदेशच्या माणसाला समजावयास कठीण नाहीं. पांझरेवर फड-पद्धतीचे बंधारे शतकांपासून आहेत. बंधारा नदीला अडवून संपवीत नाहीं. जादा पाणी त्याच्यावरून वाहून जातें, आणि कामापुरतें पाणी पाटानें शेताकडे वळतें. भावना दाबून टाकणें हा उपचार नव्हे. तिला वाट काढून देणें हा उपचार. त्यासाठीं चार कौशल्यें शिकवितात. पहिलें, मनांत काय चाललें आहे तें निवाडा न करतां पाहणें. "उत्तर आलें नाहीं" ही घटना. "ती मला टाकणार" हा तर्क. दुसरें, असह्य घटका निभावून नेणें. तोंडावर गार पाणी घेणें, श्वास सावकाश सोडणें. तिसरें, निद्रा, आहार आणि सवयी यांकडे लक्ष देऊन भावनेचा वेग आटोक्यांत ठेवणें. चौथें, भांडण न करतां मागावयाचें तें मागणें आणि नाकारावयाचें तें नाकारणें. हें शिक्षण वैयक्तिक भेटींतून आणि गटांतून मिळून बहुधा वर्षभर चालतें.

लंडनमध्यें अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनीं दुसरी पद्धति विकसित केली. तींत दुसऱ्याच्या मनांत काय असेल याचा धीरानें विचार करण्याचा सराव देतात. औषधांविषयीं मात्र गैरसमज नसावा. या विकाराचें मूळ काढणारी गोळी आजवर निघालेली नाहीं. सोबत उदासीनता किंवा अन्य आजार असल्यास औषध उपयोगी पडतें, पण तें मुख्य उपचार नव्हे.

अशा पद्धतींचे खास शिक्षण घेतलेले तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांतच आढळतात. मग जळगांव-धुळ्याच्या कुटुंबानें काय करावें? टोरोंटो येथें १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणीचें उत्तर दिलासा देणारें आहे. लिनेहन यांची पद्धति आणि जाणत्या मनोविकारतज्ज्ञांनीं नियमितपणें दिलेले सुसूत्र उपचार, या दोहोंचा परिणाम वर्षाअखेर सारखाच दिसला. तेव्हां महत्त्वाचें तें इतकेंच, कीं एकच तज्ज्ञ धरावा, भेटी चुकवूं नयेत आणि डॉक्टर वरचेवर बदलूं नयेत. सुरुवातीला जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असून त्यावर मराठींतही बोलतां येतें. पोलिसांच्या भीतीनेंही कोणी उपचार लांबवूं नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असेंच गृहीत धरावें असें ठरविलें आहे, आणि त्याची काळजी व उपचार यांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

लग्नाच्या सल्ल्याचा विचार येथें केला पाहिजे. हा विकार दुखावतो तो नेमका जवळच्या नात्यांत. तेव्हां विवाह हा त्यावरचा उपाय न ठरतां कसोटीच ठरतो, आणि ती कसोटी एका अनभिज्ञ कुटुंबावर न सांगतां लादली जाते. उपचार झाल्यावर, पूर्ण माहितीनिशीं, स्वेच्छेनें झालेला विवाह ही निराळी गोष्ट.

घरच्यांनीं करावयाचें काम दुहेरी आहे. "उत्तर आलें नाहीं म्हणून तुला फार भीति वाटली, हें समजतें, पण ताट फेकलेलें चालणार नाहीं." या वाक्यांत भावनेचा स्वीकार आहे आणि वर्तनाला मर्यादाही आहे. नुसत्या मर्यादेनें मुलगी एकटी पडते. नुसत्या स्वीकारानें घर तिच्या भीतीच्या तालावर चालूं लागतें.

अमेरिकेंतील मॅक्लीन रुग्णालयांत १९९२ सालीं सुरू झालेल्या अभ्यासांत या विकाराच्या २९० रुग्णांचा मागोवा घेण्यांत आला. दहा वर्षांत त्यांपैकीं शेंकडा ९३ जणांचीं लक्षणें निदान दोन वर्षें तरी ओसरलेलीं राहिलीं. मात्र कामधंदा आणि नातीं यांसह पूर्णपणें सांवरले ते निम्मेच. लक्षणें ओसरलीं म्हणजे आयुष्य आपोआप उभें राहत नाहीं. शिक्षण, नोकरी आणि माणसें यांची जोड द्यावी लागते.

म्हणून त्या मुलीच्या घरीं बरेपणाची पहिली खूण मोठी नसते. मैत्रिणीचें उत्तर पुन्हां एकदां लांबतें. भीति पूर्वींप्रमाणेंच दाटून येते. मुलगी उठते, तोंडावर गार पाणी मारते, आणि आईजवळ येऊन म्हणते, "आई, मला फार भीति वाटते आहे. जरा जवळ बैस." आई हातांतलें काम बाजूला ठेवते आणि कांहीं न विचारतां तिच्याजवळ बसते.